गुंडेराव मास्तरांचं भांडण

गुंडेराव मास्तरांच्या सायकलला घंटी नव्हती. दुकानदारानं बसवून दिलेली घंटी त्यांनी दुसऱ्याच दिवशी पान्यानं सोडवून काढली. "घंटी देवळात वाजवावी. तिथं बी वाजवून कुणी ऐकत न्हाई, ते सोड," असं म्हणायचे. रस्त्यात कुणी आडवं आलं तर माणसानं तोंड उघडावं, हा त्यांचा नियम. नांदेडच्या वजिराबादेतून ते शाळेकडे निघाले की त्यांच्या आधी त्यांचा आवाज पोचायचा. "ओ पाटील, रस्ता सासऱ्यानं आंदण दिला काय? व्हा बाजूला!" माणसं बाजूला व्हायची आणि ते पुढे गेले की हसायची. मला त्या हसण्याचा तेव्हाही राग यायचा. आज माझी ऐंशी उलटली आणि हसणारे बहुतेक मरून गेले, तरी येतो.

निजामाचं राज्य होतं. आमची शाळा सरकारी, म्हणजे सगळं शिक्षण उर्दूत. गुंडेराव भूमिती शिकवत. त्रिकोणाला 'मुसल्लस' म्हणत, मराठी मुलांना तो उर्दूतून कळला नाही की मराठीतून शिव्या देत, आणि शिव्यांमधून तो मुलांना बरोबर कळे. मी त्याच शाळेत नव्यानं लागलो होतो, बावीस वर्षांचा, खालच्या वर्गांना शिकवणारा. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "वामन, तुला राग येतो का?" मी नम्रपणे सांगितलं, "नाही मास्तर, मी शांत स्वभावाचा आहे." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मग मास्तरकी कशाला करून राहिला? दुकान टाक."

उंच, हाडकुळे, चाळिशीचे, एकटे. त्यांची बायको शांताबाई सहा वर्षांपूर्वी बाळंतपणात गेली होती. पहिलंच बाळंतपण, म्हणून रिवाजाप्रमाणे माहेरी, लातूरला झालं. मूल जन्मतःच गेलं आणि आठव्या दिवशी ताप भरून शांताबाई गेल्या. मास्तरांनी देव्हाऱ्यातले देव एका टोपलीत घातले आणि थोरल्या भावाच्या घरी नेऊन ठेवले. "ह्यांचं माझं भांडण हाय. मधी कुणी पडू नका," एवढंच सांगितलं. सासुरवाडीशीही त्यांनी संबंध तोडला. कुणी लातूरचं नाव काढलं तर ते उठून जात. ह्या सगळ्याचा दोष ते सासूला देतात, असं शाळेत सगळेच म्हणत, आणि मीही तसंच समजत होतो.

गोदावरीकडे उतरणाऱ्या एका गल्लीत रूथबाई नावाच्या नर्सनं दोन खोल्यांत गरीब बाळंतिणींची सोय केली होती. बाई तेलुगू मुलखातल्या, ख्रिस्ती, हैदराबादला शिकून आलेल्या. तिकडे दुसऱ्या महायुद्धाची लढाई पेटलेली आणि इकडे कापड कंट्रोलात गेलेलं. नवं कापड मिळायचं ते चिठ्ठीवर. रूथबाईंकडे खाटा होत्या, थोडीफार औषधं होती, पण बाळंतिणीच्या अंगाखाली घालायला आणि बाळाला गुंडाळायला कापड नव्हतं. त्यांचं म्हणणं साधं होतं. ते कापड धुऊन उकळलेलं नसेल तर बाईला ताप भरतो, आणि ताप भरला की बाई सहसा उठत नाही. चौकशीला गेलेल्या मास्तरांना त्यांनी दारातच सांगितलं, "कपडा नई तो बाई नई, मास्टरसाब. दिवाली तक देखती. फिर दरवाजा बंद करती मैं."

मास्तर त्या दिवशी शाळेत कुणावरच ओरडले नाहीत. मुलं घाबरली. दुसऱ्या दिवशी ते मला म्हणाले, "जुनेर मागायचं." जुनेर म्हणजे नेसून नेसून मऊ झालेलं जुनं लुगडं. बाळंतिणीला आणि बाळाला तेच सगळ्यात चांगलं.

आधी आम्ही नांदेडातच मागून पाहिलं. चांगल्या चांगल्या घरांत गेलो. एका वकिलांनी आम्हाला ओसरीवरून खाली उतरवलं. पुरुषमाणसांनी येऊन बायकांची लुगडी मागायची, तीही बाळंतपणासाठी, लाज कशी वाटत नाही, असं ते म्हणाले. मास्तर गल्लीत उभे राहून ओरडले, "लेकरं जन्माला घालताना लाज वाटली न्हाई, अन् तिच्या चिंधीचं नाव काढलं की लाज वाटली व्हय, वकीलसाहेब?" सगळी गल्ली दारात आली. जुनेर मात्र एकाही दारातून आलं नाही. शिकलेली, देवधर्म करणारी, दानाच्या पावत्या भिंतीवर लावणारी ही माणसं. त्यांची नावं मी लिहिणार नाही, कारण त्यांची नातवंडं भली आहेत.

शाळेला दसऱ्याची सुटी लागली तशी मास्तरांनी माझ्यासाठी एक सायकल कुठूनशी मागून आणली. "लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला जायचं. गावोगाव मागायचं. परत येताना बैलगाडी करू." मी विचारलं, "लातूरला कशाला?" ते म्हणाले, "भांडायला. सहा वर्षं झाली, एक भांडण राहून गेलंय." माझी बायको कमल तेव्हा पाच महिन्यांची गरोदर होती. तिनं भाकरी बांधून दिल्या, वर शेंगदाण्याची चटणी दिली आणि म्हणाली, "माझ्यासाठी पण एखादं आणा हो." मी हसलो.

तो रस्ता काही सायकलचा नव्हता. बैलगाड्यांच्या चाकोऱ्या, मुरूम आणि बाभळीचे काटे. पहिल्याच दिवशी माझी ट्यूब फाटली. लढाईमुळे ट्यूब मिळत नव्हती आणि ठिगळंही संपली. मी आपलं सुचवलं की कुणीतरी वाटेत दिलेलं एक जुनं धोतर होतं, ते टायरात कोंबू. मास्तर असे काही भडकले की जवळच्या शेतातला माणूस धावत आला. "बाळंतिणीचं कापड टायरात? चाल मग पायी! जा, लातूरपर्यंत पायी चाल!" मग त्यांनीच ओढ्याकाठचं गवत कापून माझ्या टायरात कोंबलं. पुढचे दोन दिवस मी त्या गवतावर बसून असा हिंदकळत गेलो की रात्री पाठ टेकवेना.

लोह्याच्या अलीकडच्या एका गावात जे घडलं ते सांगण्याआधी एक रीत सांगायला हवी. आजच्या वाचकाला ती ठाऊक नसेल. आमच्याकडे घरोघर एक गाठोडं असायचं. बाळंतिणीला विटाळ, तिच्या अंगाखालचं सगळं नंतर जाळायचं किंवा पुरायचं. मग टाकायचंच आहे तर त्यासाठी चांगलं कापड कशाला घालवायचं? म्हणून गुरांचं अंग पुसलेल्या, उंदरांनी कुरतडलेल्या, कुबट होऊन काळ्या पडलेल्या चिंध्या वर्षभर साठवायच्या आणि गाठोडं बांधून गोठ्याच्या आढ्याला टांगून ठेवायचं. घरात बाळंतपण आलं की ते उतरवायचं. कुणाच्या मनात दुष्टपणा नव्हता. काटकसर होती.

त्या गावात मास्तरांनी मारुतीच्या पारावर उभं राहून सांगितलं की बाळंतिणीसाठी जुनं कापड पाहिजे. नांदेडपेक्षा ह्या बाया भल्या. लगेच घरी गेल्या आणि पाच-सहा जणी गाठोडी घेऊन आल्या. मास्तरांनी पहिलं सोडलं. आत उंदराच्या लेंड्या होत्या आणि शेणाचा वास होता. त्यांनी ते उचललं आणि गल्लीत भिरकावलं. "बाळंतीण हाय ती! जनावर न्हाई! म्हशीला तरी कोरडं गवत घालता की गं बायांनो!"

सगळ्या मागे सरकल्या. एक तेवढी जागची हलली नाही. गाठोडं तिचंच होतं. पस्तिशीची असेल. तिनं पदर सावरला आणि म्हणाली, "मास्तर, वरडू नगा. तुमीच म्हणलात बाळंतिणीला पायजे. मग बाळंतिणीला जे घालतेत तेच आणलं की. आमाला बी असल्यावरच निजवलं व्हतं."

मास्तर पारावर खाली बसले. मग त्यांनी त्या बाईला जवळ बोलावलं आणि खालच्या आवाजात, भूमितीची एकेक पायरी सांगावी तसं, चिंधीतून ताप कसा येतो ते सांगितलं. ती ऐकत होती. मध्येच म्हणाली, "माझी धाकली जाऊ अशीच गेली." आणखी थोड्या वेळानं म्हणाली, "मंजी ते देवाचं करणं नव्हतं तर." ती उठून घरात गेली आणि एक धुतलेलं हिरवं लुगडं घेऊन आली. मधोमध दंड घातलेलं, म्हणजे दोन जुन्या लुगड्यांचे चांगले भाग एकत्र शिवून केलेलं. तिथंच बसून तिनं दातानं दोरा तोडला, दंड उसवला आणि अर्धं लुगडं मास्तरांच्या हातात दिलं. "सणाला हेच नेसते. उरलेल्याला दुसरं काहीतरी जोडीन."

मास्तरांनी त्याची स्वतः घडी घातली. गाव सोडल्यावर बराच वेळ ते सायकलवर न बसता हातात धरून चालत होते. मग म्हणाले, "वामन, सायकलवर बसवत न्हाई मला. राग आला तर मला असं होत न्हाई." थोडं पुढे गेल्यावर पुन्हा म्हणाले, "ती बाई त्याच चिंधीवर निजली अन् जिती राहिली. कशी राहिली रे? ह्याचा हिशेब मला लागून न्हाई राहिला."

त्या दिवसापासून मागायची पद्धत बदलली. गावात शिरलं की मास्तर आधी गाठोडी उतरवायला लावत. चौकात तीन दगडांची चूल मांडून, पाणी उकळून, कापड कसं उकळायचं ते स्वतः करून दाखवत. पुरुष हसत. मास्तर त्यांच्यावर ओरडत आणि बायकांशी हळू बोलत. कुणी धुतलेलं एखादं जुनेर देई, कुणी पंचा, कुणी काहीच देत नसे, पण गाठोडं मात्र खाली यायचं. एका नाक्यावर जमादारानं आम्हाला अडवलं. कंट्रोलाचं कापड चोरून नेतो असा त्याला संशय. त्यानं बोचकं उपसून धुळीत टाकलं. मास्तर अस्सल उर्दूत गरजले, "जनाब, ये ज़च्चा के कपड़े हैं। आपकी वालिदा को किस कपड़े पर लिटाया गया था, कभी पूछा आपने?" जमादाराच्या आईचं बाळंतपण काढलं; मला वाटलं, आता कोठडी. जमादार बघत राहिला. मग खाली वाकून एकेक कापड झटकून त्यानं पुन्हा बोचक्यात भरलं. शेवटची गाठ त्यानंच मारली.

लातूरला पोचेपर्यंत नऊ दिवस झाले. गोलाईच्या बाजारामागच्या गल्लीत मास्तरांची सासुरवाडी. सासरे वारले होते, सासू एकटी. सहा वर्षं साठवलेलं भांडण मास्तर मला रस्ताभर पाठ म्हणून दाखवत आले होते, आणि मला त्या म्हातारीची भीती वाटत होती. म्हणजे तिच्यासाठी वाटत होती.

दार उघडंच होतं. म्हातारी ओसरीवर वाती वळत बसली होती. तिनं डोळ्यांवर हात धरून पाहिलं आणि उठून उभी राहिली. "जावईबापू? आत या."

"आत येणार न्हाई, मामी. गोठ्यात काय टांगलंय ते दाखवा आधी."

ती पुढे झाली. आम्ही मागून गोठ्यात गेलो. आढ्याला एक लोखंडी आकडा होता आणि त्याला काहीच नव्हतं.

"माझ्या शांतीचा तेरावा झाला त्याच दिवशी जाळलं," म्हातारी म्हणाली. "मला कुणी सांगितलं न्हाई. कोण सांगणार? पण माझं मन खाऊन राहिलं की ह्याच्यातच काहीतरी व्हतं. मी जशी निजले, माझी आई जशी निजली, तशीच पोरीला निजवली. मला वाटलं असंच असतंय." मग तिनं आम्हाला माजघरात नेलं आणि एक ट्रंक उघडली. आत शांताबाईंची लुगडी होती. पांढरी पडेपर्यंत धुतलेली, ताठ वाळवलेली. "हे उकळून ठेवते. गल्लीत कुणाची पोर अडली की एक घेऊन जाते. त्यांचं ते गाठोडं उतरवून टाकायला लावते. कुणी ऐकतं, कुणी हाकलतं. सहा वर्षं झाली, मला येडी म्हणून राहिलेत सगळे. म्हणू द्या."

गुंडेराव मास्तर, ज्यांनी वकिलाला सोडलं नाही, जमादाराला सोडलं नाही, देवाला टोपलीत घालून घराबाहेर काढलं, ते त्या माजघरात खाली वाकले आणि त्यांनी म्हातारीच्या पायांवर डोकं ठेवलं. बराच वेळ उचललं नाही. पाठ केलेल्या भांडणातला एक शब्दही त्यांच्या तोंडून निघाला नाही. म्हातारी गडबडून गेली आणि तिनं मलाच दटावलं, "अरे, उठव की त्यांना!"

लातूरला आम्ही तीन दिवस राहिलो. ज्या घरांनी म्हातारीला हाकललं होतं त्या घरांत मास्तर तिला घेऊन पुन्हा गेले. ती बोलायची आणि ते बाजूला उभे राहायचे. कुणी तोंड वाकडं केलं तर मग ते बोलायचे. परतीला बैलगाडी भरली. त्या गाडीमागून सायकल चालवताना त्यांनी मला विचारलं, "माणसाला काम कधी सापडतं रे, वामन?" मी काहीतरी पुस्तकी उत्तर दिलं. ते म्हणाले, "मला चाळिशीत सापडलं. घरोघरची गाठोडी उतरवायची. बस. भूमिती काय, कुणी बी शिकवील."

नांदेडला आल्यावर मास्तरांनी गूळ करायची एक मोठी काहील मिळवली आणि नदीकाठी चूल पेटवली. बाळंतिणीचं कापड म्हणून परीट आले नाहीत. तेव्हा मास्तर आणि रूथबाई ह्यांनीच सगळी कापडं उकळली. दिवाळी झाली तरी खोलीचं दार उघडं होतं. मग एके दिवशी मास्तर भावाकडे गेले आणि देवांची टोपली परत घेऊन आले. मी विचारलं, "मिटलं का भांडण?" माझ्यावर डोळे वटारून ते म्हणाले, "मिटलं न्हाई. पण भांडायला समोर कुणी पायजे की न्हाई? गैरहजर माणसाशी काय भांडतो?" तेव्हापासून ते रोज सकाळी पूजा करत आणि पूजेत देवाला मोठ्यानं सुनावत. शेजाऱ्यांना सगळं ऐकू जायचं.

आता माझ्या घराकडे येतो. इतका वेळ लांबवलं.

माझी आई भली बाई होती. लातूरच्या म्हातारीची गोष्ट मी तिला सांगितली तेव्हा तिनं पदरानं डोळे पुसले. पण आमच्या गोठ्यातही तसंच एक गाठोडं टांगलेलं होतं. त्याचा विषय काढला तेव्हा ती म्हणाली, "ते खेड्यातल्यांचं सांगू नकोस. आपल्या घरात सहा बाळंतपणं असल्याच गाठोड्यावर झाली, तुझं धरून." रूथबाईंच्या खोलीचं नाव घेतल्यावर तर ती उठूनच उभी राहिली. "कुणाकुणाच्या अंगावरचं एका काहिलीत उकळलेलं! माझी सून त्याच्यावर निजणार न्हाई. आधी मला पोचव, मग तिला तिकडं ने." कमलला माहेर नव्हतं, आईवडील लहानपणीच गेलेले. तिनं मला एकटं गाठून विचारलं, "तुम्ही बोलता ना आईंशी?" मी म्हटलं, "आईचं मन मोडवत नाही गं. पाहू." दोन दिवसांनी तिनं परत विचारलं. मी परत म्हटलं, पाहू.

मास्तर त्या आठवड्यात किनवटच्या बाजूला, इस्लापूरकडे गावं फिरायला निघाले होते. जाताना माझ्या दाराशी पाय टेकून थांबले. "दिवस भरत आले. रूथबाईला सांगून ठेवलंय मी. कमलला तिकडं ने. अन् आधी ते गाठोडं उतरव." मी म्हटलं, "हो मास्तर."

कमलच्या पोटात कळा सुरू झाल्या ती सकाळची वेळ होती. मी ओट्यावर मुलांच्या वह्या तपासत बसलो होतो. आई गोठ्यातून ते गाठोडं घेऊन आली. माझ्यासमोरून, माझ्यापासून दोन हातांवरून, ती आत गेली. मी पाहिलं. वहीत एका मुलानं गुणाकार चुकवला होता, त्याच्यावर लाल फुली मारली. दुपारी मुलगी झाली. चौथ्या दिवशी कमलला ताप भरला. नवव्या दिवशी ती गेली.

मास्तर परत आले ते तिच्या जाण्याच्या दुसऱ्या दिवशी. ते आले तेव्हा गल्लीत आवाज नव्हता. सायकल भिंतीला टेकवून ते माझ्याशेजारी ओट्यावर बसले. मी वाट पाहत होतो. सगळ्या जगावर ओरडणारा माणूस, आता मला फाडून खाईल, आणि खाल्लं तर बरं होईल, असं वाटत होतं. शेवटी मीच म्हटलं, "मास्तर, रागवा ना माझ्यावर."

"कोणत्या तोंडानं रागवू?" ते म्हणाले. "शांताच्या वेळेला मी लातूरलाच होतो. शाळेत मी हिफ्झाने सेहत शिकवत होतो, आरोग्याचं पुस्तक. घाण चिंधीनं काय होतं ते पोरांकडून पाठ करून घेत होतो. मला ठाऊक होतं, वामन. मामींना न्हवतं ठाऊक. मला होतं. अन् मी ओसरीवर बसून पाहिलं, गाठोडं आत जाताना. जावयानं बाळंतिणीच्या खोलीचं कसं बोलावं, म्हणून गप बसलो. सहा वर्षं मी त्या म्हातारीला खुनी म्हणून राहिलो." मग माझ्या खांद्यावर त्यांचा हात इतक्या जोरात पडला की मी हललो. "पोरगी कुठं हाय?"

"आत. आईजवळ."

"कशावर निजवलीय तिला?"

मी आतल्या दाराकडे पाहिलं.

"ऊठ," ते म्हणाले. "मला आत जाता येत न्हाई. तुझं घर हाय."

मी उठलो आणि मुलीला रूथबाईंकडे नेतो म्हणालो. आई दारात आली. सुतक आहे, लोक काय म्हणतील, त्या बाईच्या खोलीत माझी नात ठेवायची नाही, असं ती म्हणत होती, आणि रडतही होती. बाविसाव्या वर्षापर्यंत मी आईला कधी उलट बोललो नव्हतो. त्या दिवशी ओरडलो. काय ओरडलो ते मला आठवत नाही, पण आई भिंतीला टेकून खाली बसली, हे आठवतं. मी मुलीला त्या चिंध्यांतून उचललं. मास्तरांनी बाहेर अंगातला धुतलेला सदरा काढून हातात धरला होता. त्यात तिला गुंडाळलं आणि आम्ही रूथबाईंकडे चालत गेलो. मास्तर उघड्या अंगानं, एका हातानं सायकल ढकलत.

मुलगी वाचली. मी पुढची बारा वर्षं सुट्यांमध्ये मास्तरांबरोबर गावं फिरलो. निजाम गेला, राज्य बदललं, कापडाचा कंट्रोल उठला, तरी आढ्याला टांगलेली गाठोडी तिथंच होती. मास्तर गेले ते अर्धापूरच्या रस्त्यावर, सायकलवरून परतताना, छातीत कळ येऊन. शोकसभेत एक प्रतिष्ठित गृहस्थ म्हणाले की गुंडेराव अत्यंत मृदू आणि सात्त्विक वृत्तीचे होते. मी उभा राहिलो, "खोटं बोलू नका" म्हणालो आणि निघून आलो.

माझी मुलगी आता साठीची आहे. तिची आई तापानं गेली, एवढंच तिला मी सांगितलं आहे. माझ्या आईनंही मरेपर्यंत तिला तेवढंच सांगितलं. ते गाठोडं माझ्यासमोरून आत गेलं आणि मी वही तपासत राहिलो, हे तिला ठाऊक नाही. तोंडानं सांगायचं साठ वर्षांत जमलं नाही, म्हणून लिहिलं. मी लिहिलेलं सगळं आधी तीच वाचते. हेही वाचेल. तिनं रागवावं, हवं तेवढ्या मोठ्यानं रागवावं. मी घरातच आहे.